टॅपेटचा आवाज

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. जुन्या मोटरसायकलींची खडखडणारी इंजिनं त्यांच्या हातून गप्प होत, म्हणून लोकांनीच त्यांना ही पदवी बहाल केली होती. इंजिनातली व्हॉल्व्हची झडप दाबणाऱ्या टॅपेटचा टकटकाट करत आलेली गाडी ते नुसती कानाने ऐकत, झाकण उघडून नट सैल करत, स्क्रू जरासा आवळत, की आवाज गायब! गिऱ्हाईक खूश, मास्तर त्याहून खूश. स्तुती कुणालाही चढतेच. मास्तरांना जरा जास्तच चढली होती.

हाताखाली त्यांची थोरली लेक तयार झाली. हात बापाचा, डोकं मात्र स्वतःचं. इंजिन पार गार झाल्याशिवाय ती झाकणाला हात लावायची नाही. टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधे ती फट मोजायच्या फिलर गेजचं कागदासारखं पातळ पातं सरकवायची. पातं किंचित अडत सरकलं की नट आवळायचा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा घालून बघायचं. मास्तर म्हणत, "आम्हाला देवाने कान दिलेत, पाती कशाला हवीत?"

एकदा डाकवाल्या काकांची, म्हणजे निवृत्त पोस्टमनची गाडी आली आणि तिचं टॅपेट लेकीने लावलं. सुरू केल्यावर बारीक टिकटिक येत होती. गॅरेजबाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमची सर नाही बुवा." झालं! मास्तरांनी लेकीच्या हातातला पाना हिसकावला आणि चारचौघांत सुनावलं, "आवाज बंद करता येत नसेल, तर हात काळे कशाला करतेस?"

"बाबा, तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. जागा ठेवली नाही तर तो नीट बसणार नाही, जळेल."

"मला शिकवतेस?"

सगळे हसले. मास्तरांनी टिकटिक बंद करून दाखवली. लेकीने घासून घासून हात धुतले आणि पुढच्या आठवड्यात औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. घरी हसायची, बोलायची, पण गाड्यांविषयी अवाक्षर काढायची नाही. मास्तरांना ते फार लागे. गॅरेज तिच्या हाती सोपवायचं, एवढं एकच स्वप्न त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यावर पाणीही त्यांनीच ओतलं होतं.

सहा महिन्यांनी काकांनी गाडी ढकलत आणली. आधी तिला चढावर दम लागायचा, आता सुरूच होईना. इंजिनाचं हेड उघडलं तर धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडल्यासारखी जळालेली. मास्तरांना क्षणात सगळं कळलं, आणि तोंडातून निघालं, "हल्ली पेट्रोलच खराब येतं."

दुपारी तो व्हॉल्व्ह रुमालात बांधून ते औषधांच्या दुकानात गेले. "तू म्हणालीस तसंच झालं बघ. आता चल परत."

लेकीने व्हॉल्व्ह उजेडात धरून फिरवून पाहिला. "काकांना काय सांगितलंत?"

"पेट्रोल खराब, म्हणून."

तिने व्हॉल्व्ह पुन्हा रुमालात ठेवला. "मला सगळ्यांसमोर बोललात, आणि हे मात्र माझ्या कानात सांगताय?"

संध्याकाळी बाक भरल्यावर मास्तर उभे राहिले. "काका, पेट्रोल चांगलं होतं. टॅपेट मी जास्त आवळलं. पोरगी बरोबर होती."

कुणीच हसलं नाही. काका हळूच म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं, मास्तर. पण तुमच्यापुढे तोंड कोण उघडणार?"

रात्रभर मास्तरांचा डोळा लागला नाही. घरी सांगायचा धीर झाला नाही, म्हणून सकाळी औषधांचं दुकान उघडताच त्यांनी लेकीला गाठलं आणि शब्दन्‌शब्द सांगितला.

"बरं केलंत, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसेना. "पहिले दोन महिने मी रोज वाट बघत होते, तुम्ही याल म्हणून. मग सोडलं. आता मला इथलं काम आवडायला लागलंय."

मागच्या गिऱ्हाइकाने औषधांची चिठ्ठी पुढे केली, तसे मास्तर बाजूला सरकले.