सुमनच्या पानाचा चटका

वाडी सोडली त्या दिवशी टेम्पोत माझं कपाट, पाटा-वरवंटा आणि मी, एवढंच होतं. माझी धाकटी जाऊ सुमन मागून धावत आली नि विड्याच्या पानांची गड्डी मांडीवर टाकून म्हणाली, "ताई, चंदनसारला इमारती मिळतील, पानं नाही मिळायची." सुमन, त्या तुझ्या पानांवरूनच लिहायला बसलेय. राग अजून गेलेला नाही. आणि माझ्यासारख्या वाड्या सोडून फ्लॅटात आलेल्या बायांनो, तुम्हीही ऐका.

मी चंदनसारला मुलाकडे आले बोटांसाठी. सांधेवातानं ती अशी वळली की ब्लाउजचे हुक सून लावते. रोज सकाळी मी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि ती बिचारी ऑफिसची घाई सोडून माझ्या पाठीशी. डॉक्टर म्हणाले, नवीन इंजेक्शन आहे, पण त्यानं अंगातले शिपाई ढिले पडतात, म्हणून आधी टीबीची टेस्ट. हातावर बारीक सुई टोचली. तिसऱ्या दिवशी बघू, तोवर तिथं काही करू नका.

सुईला तीन दिवस कशाला लागतात, असं मी नातीला विचारलं. केतकी मायक्रोबायोलॉजी शिकते. म्हणाली, आजी, त्या टी सेल, अंगातल्या शिपाई पेशी. जन्म हाडांच्या आतल्या मगजात, मग घर सोडून छातीतल्या थायमस ग्रंथीत शिकायला. बहुतेक नापास होऊन तिथंच मरतात. पास झालेल्या अंगभरच्या गाठींतून हिंडतात. तिथं कुणी जंतूचा तुकडा दाखवला, ओळख पटली, की एकीच्या हजारो होतात. कुणी मारेकरी, कुणी मदतनीस, थोड्या नुसती आठवण धरून राहणाऱ्या. त्यांचे पत्तेही बदलतात, कुणी कातडीत बिऱ्हाड करते, कुणी फुप्फुसात. सुईतून टीबीच्या जंतूचा अंश जातो, त्याची वर्दी लागली की आठवणवाल्या हातापाशी जमतात, त्याला दोन-तीन दिवस जातात.

"आणि ती छातीतली शाळा?"

"वय झालं की आक्रसते. तुझी तर आता चरबीच झाली असेल."

मी पदर छातीवर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वाडीत पूजा होती, म्हणून गेले. हातावरचा लाल उंचवटा बघितला मात्र, सुमननं पानाला तेल लावलं, तव्यावर तापवलं नि दाबलं. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक सुजेवर तिनं हेच केलंय. माझा हात आपसूक पुढं झाला, हेही खरं.

"अगं, डॉक्टरांनी काही करू नका म्हटलंय."

"मी काय केलं? पान तर लावलं."

फोड आला टरटरून. "आजी, यात मी आता काय वाचू?" डॉक्टर म्हणाले. थांबा काही आठवडे, मग दुसऱ्या हातावर. म्हणजे तेवढे दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड.

दुसऱ्या खेपेला हात उशीवर ठेवून बसले, माशीसुद्धा बसू दिली नाही. तिसऱ्या दिवशी टणक गाठ, डॉक्टरांनी पट्टीनं मोजली. छातीचा फोटो स्वच्छ आहे, आजार नाही, पण जंतूची जुनी ओळख आहे. आधी गोळ्यांचा कोर्स, मग इंजेक्शन. आणखी भिंत.

केतकी विचारत होती, ओळख कुठली असेल. मला कळलं होतं. कामणला, माझ्या माहेरी, बाबांची खाट पडवीच्या टोकाला असायची. दिवसभर खोकत. मी पाटी घेऊन जवळ सरकले की म्हणायचे, "लांब बस, पन दिसशील अशी बस."

ते घर आता नाही, तिथं गोदाम झालंय, ट्रक उभे असतात. पण त्या पडवीत काहीतरी शिकलेल्या पेशींच्या लेकीसुना चंदनसारच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या हाताशी बरोबर येऊन पोचल्या.

सुमन, तू फोनवर रोज विचारतेस, ताई घरी कधी येणार, आणि मी रोज चिडते. कुठल्या घरी गं? कामणच्या, वाडीच्या, की या? गोळ्या संपू दे, बोटं सुटू दे. माझे हुक मी लावून येईन. तोवर पानं पाठव, खायला. आणि व्हिडिओ कॉल लावून फोन छताकडे धरतेस, तो नीट धर. मला तुझा पंखा नको बघायला. लांब बस, पन दिसशील अशी बस.