घंटीची वाटी

चार माणसं, चार सायकली आणि दर रविवार! एवढं असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपले आपण साचतात. बायको म्हणते, "पुरे त्या कान्हेरीच्या गोष्टी, पाहुण्यांचा चहा गार होतो." होऊ दे गार! चहा पुन्हा करता येतो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आठवडाभर मोर्चे, सभा, घोषणा. रविवारी सकाळी मात्र आम्ही गिरगावातून सायकली काढायचो, ते घोडबंदर रोडनं थेट बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत. मी आणि भास्कर फोर्टातल्या एकाच ऑफिसातले कारकून. दिगू मालवणी, गिरणीत साचे, म्हणजे माग चालवायचा, तो डिलाईल रोडला येऊन मिळायचा. आणि भाईसाहेब! गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले, वय पन्नाशीचं, अंगात कोट, डोक्यावर सोला हॅट, कॅरियरला स्टोव्ह!

आमचा नियम एकच. लेण्यांच्या शेवटच्या चढावर ज्याचा पाय जमिनीला टेकला, त्यानं आपल्या घंटीची वरची वाटी काढून पहिल्या आलेल्याच्या हवाली करायची. पुढच्या खेपेला न टेकता चढलास तर परत. नाहीतर आणखी आठवडाभर फीर मुंबईत बिनघंटीचा!

*

भास्करची वाटी कायम भाईसाहेबांच्या खिशात. घंटी नसली की माणूस "बाजू!" म्हणून बोंबलतो. पण हा पडला लाजाळू, वर अतिसभ्य. हिंदमाताला बायका साड्या बघत रस्त्यातच उभ्या होत्या. हा लांबूनच सुरू झाला, "अहो ताई, माफ करा हं, आपण जरा कृपा करून..."

वाक्य पुरं व्हायच्या आत सायकल दुकानात!

गादीवरचा दुकानदार जागचा हलला नाही. म्हणाला, "या. सुती दाखवू की रेशमी?"

लाजेकाजेस्तव यानं एक हिरवी साडी घेतली. कुणासाठी, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ट्रंकेत पडून राहिली बिचारी.

*

एकदा जमावबंदी लागली. आम्ही चौघंच, तरी भाईसाहेब कायद्याला पक्के. "पन्नास-पन्नास पावलांचं अंतर ठेवा. कोणी कोणाला ओळखत नाही!"

माहीमच्या नाक्यावर हवालदारानं भाईसाहेबांना पाहिलं. मग मला पाहिलं. मग दिगूला. आणि एकदम हात आडवा करून त्यानं सगळा रस्ताच बंद केला! बस थांबली, बैलगाड्या थांबल्या, सगळ्यात मागचा भास्करही थांबला. दहा मिनिटं झाली तरी काही नाही. शेवटी भास्करनं धीर करून विचारलं, "अहो हवालदारसाहेब, आपण थांबलोय कशाला?"

"मोर्चा चाललाय, दिसत नाही? शेपूट येऊ दे, मग सोडतो!"

शेपूट त्याच्यासमोर उभं होतं!

*

लेण्यांपाशी एका माकडानं भाईसाहेबांची हॅट पळवली आणि झाडावर जाऊन ती डोक्यावर घातली. भाईसाहेबांना खूप राग आला की ते इंग्रजीत शिरत. खाली उभं राहून म्हणतात कसे, "एक्स्क्यूज मी! धिस इज नॉट डन!"

दिगू म्हणाला, "भाईसाहेब, ह्यो मराठी मुलखातलो माकड. तेका इंग्रजी कळाचा नाय. मराठीत सांगा!"

भाईसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगतो, अशी एक शिवी हासडली की आम्ही तिघंही चपापलो.

हॅट खाली!

*

आता कुसुमचं सांगतो. तुळशी तलावाच्या फाट्यावर आम्ही डबे उघडले होते. झुडपात जोरात खसफस झाली. दिगू ओरडला, "बिबळो!" पुढच्या क्षणी चौघंही झाडावर. भाईसाहेब बुटांसकट आणि सगळ्यात वरच्या फांदीवर!

झुडपातून म्हैस निघाली. तिच्यामागं सायकल हातात धरून एक पंचविशीची मुलगी. तिनं वर बघितलं. एकेकाकडे नीट बघितलं.

"उतरा," ती म्हणाली. "आमचीच आहे. शाकाहारी आहे."

ही कुसुम. वडील आप्पा पाणीखात्यात, त्यांना तलावाजवळच क्वार्टर. ही बोरिवलीच्या शाळेत मास्तरीण, रोज जंगलातून सायकलनं जा-ये. आम्ही तिघं उतरलो. भास्कर फांदीला धरून तसाच बसला, तिच्याकडे बघत. दोनदा हाका मारल्या तेव्हा कुठं उतरला. तेही पडला म्हणून!

*

भाईसाहेबांच्या खिशात वाटी वाजली, म्हणून कुसुमनं विचारलं काय आहे. नियम ऐकून म्हणाली, "मी येऊ का?"

भाईसाहेब म्हणाले, "अवश्य! पण चढ फार कठीण आहे हं, बाई."

बाईंनी पदर खोचला. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा ती वर पोचून कट्ट्यावर बसली होती, करवंदं खात! भाईसाहेबांच्या पोटरीत गोळा आला, दिगूची चेन उतरली, मी तिच्याकडे बघण्यात तोल घालवला, आणि भास्करनं नेहमीप्रमाणे पाय टेकला. चारही वाट्या तिच्या ओच्यात! त्या आठवड्यात गिरगावापासून दादरपर्यंत आम्ही तोंडानं रस्ता मागत फिरलो.

"चढून दाखवा आणि घेऊन जा," ती म्हणायची. पण वर्षभर आमच्यातल्या एकालाही ते जमलं नाही. आमचं ठीक, आम्ही तिघं चाळिशीपलीकडचे. पण भास्कर? दर रविवारी शेवटच्या वळणापर्यंत सुरेख यायचा, आणि ती दिसली की पाय खाली!

एकदा दिगूनं त्याला तिथंच धरलं. "मेल्या, तुका साधी धाप लागूक नाय! मग पाय कित्याक टेकलंस?"

भास्कर लालबुंद. हळूच म्हणाला, "वाटी परत मिळाली, तर पुढच्या रविवारी कुठल्या तोंडानं यायचं रे तिच्याकडे?"

आम्ही इतके हसलो की दिगू सायकलीवरून पडला. पण खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटला.

*

भास्करचे आईवडील गावी, वेंगुर्ल्याला. तेव्हा मागणी घालायला वडीलधारे म्हणून आम्हीच गेलो. टोप्या घालून, इस्त्रीचे कपडे, सायकलींवर! आप्पांनी बसायला चटई घातली आणि पहिल्याच वाक्यात आमचं पाणी पाणी केलं.

"मुलगा सज्जन आहे, नोकरी बरी आहे. पण दर रविवारी फेरीवर असताना बघतो ना मी! तुम्ही लोक वयानं दमता, हा तर तिशीतला. वळणावर पाय टेकतो. छातीचं काही दुखणं आहे का? माझी एकुलती एक मुलगी आहे हो."

झालं! भास्कर पांढराफटक. खरं कारण सांगावं तर सांगणार कसं, तेही मुलीच्या बापाला? भाईसाहेबांनी घसा खाकरला आणि इंग्रजीत सुरुवात केली. दिगूनं त्यांना कोपर मारलं.

"मी तिच्यावर जबरदस्ती करत नाही," आप्पा म्हणाले. "तीन स्थळं तिनं नाही म्हणून परत पाठवली. पण या वेळी मलाच धीर होत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंकेतली हिरवी साडी आली. भास्करनं तर मान इतकी खाली घातली की त्याची फक्त टोपी दिसत होती.

तेवढ्यात कुसुम पोह्यांचं तबक घेऊन आली. चार बशा. आणि शेजारी, राखेनं घासून लखलखीत केलेल्या घंटीच्या वाट्या, प्रत्येकीत ओलं खोबरं आणि लिंबाची फोड! एक तिनं भाईसाहेबांपुढे ठेवली, एक दिगूपुढे, एक माझ्यापुढे.

भास्करपुढे नुसतीच पोह्यांची बशी.

आप्पांनी बोटानं मोजलं. "अगं कुसुम, वाट्या तीनच? मंडळी चार आहेत."

"चौथी माझ्याकडेच राहू दे, आप्पा," ती म्हणाली. "ती परत दिली, तर हे वळणावर पाय कशाला टेकतील?"