कलावतीच्या पोटावर ठरलेली पद्धत

तक्रारदार: मी, राहणार ठाणाकुशनूर, तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणारा. जिच्यावर अन्याय झाला ती: माझी पत्नी कलावती, हिवतापाची रोगी. ठिकाण: जिल्ह्याचा सरकारी दवाखाना, बायकांचा फुकट वॉर्ड. वार: पोळ्यानंतरचा सोमवार, सकाळ. साक्षीदार: शेजारच्या खाटेवरील मंठाळच्या गंगाबाई आणि वॉर्डातील आया रजियाबी.

मोठे डॉक्टर नव्या शिकाऊ डॉक्टरांच्या दोन टोळ्या घेऊन आले. एका टोळीला त्यांनी आधी फळ्यावर चित्र काढून शिकवले होते. दुसरीने थेट हाताने शिकायचे. हिवतापाने सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, कोणाला लवकर सापडते, त्यावरून सरस पद्धत ठरणार होती. कलावतीच्या पोटावर.

पहिल्या टोळीचे दाबून झाले. डॉक्टरांनी माझ्या कोटाच्या खिशातल्या पेनाकडे पाहून हात पुढे केला. "मुन्शी, पेन द्या."

मला अभिमान वाटला. खरे तेच लिहितो. एवढ्या शिकलेल्या माणसाने माझे पेन मागितले. त्याने तिच्या उघड्या पोटावर पाणथरीची कड आखली, टोळीला दाखवली, स्पिरिटने पुसली आणि दुसऱ्या टोळीला पुढे बोलावले. पडदा नाही. ती तापाने फणफणलेली. कण्हत होती.

एका शिकाऊ मुलीने विचारले, पलीकडच्या स्पेशल खोलीत देसायांच्या सुनेलाही हाच आजार आहे, तिथे का जायचे नाही?

डॉक्टर म्हणाले, "तिथं नको. तिथं घरचे विचारतात."

कलावतीने पदर पोटावर ओढला. "इथं बी घरचे हैत की. कामून दाबायलाव? मला इचारलं व्हय कुणी?"

मुले हसली. फुकटची खाट म्हणजे शिकवणीची खाट, असे डॉक्टरांनी ऐकवले. आम्ही बौद्ध, हे खाटेला टांगलेल्या कागदावर लिहिलेले होते. त्यांनी ते वाचले होते.

मी पेन काढून घेतले. खाटेच्या आडवा उभा राहिलो. रजियाबी मागून कुजबुजली, "मुन्शी, चुप बैठो. दवा बंद कर देते." तिचे भय खरे होते. घरी औषध नव्हते. दुसरा दवाखाना नव्हता.

"आता हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "आधी तिला इचारा. ती व्हय म्हणली तरच."

दुपारी वॉर्डाच्या यादीतून तिचे नाव कमी केले, खाट काढून घेतली. ताप अंगात असताना. गंगाबाईंनी आपली चादर दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या कोटाला भ्याले न्हाईत, तोंडाला भ्याले."

आज गुरुवार. कलावती दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर आहे. काल रात्रीपासून ती मला ओळखत नाही.

माननीय अधीक्षकांना कळवितो की, सरस पद्धत कोणती याचा निकाल आपण खुशाल द्यावा. तिला खाट आणि औषध आजच द्यावे. त्याच्या बदल्यात तिचा होकार मागू नये. तिला न विचारता हात का लावला, याचे उत्तर लेखी द्यावे. ती जगली तर ते उत्तर तिच्यासमोर वाचीन. न जगली तर तिला इथून उचलण्याआधी वाचीन, व्हरांड्यात, सर्वांसमोर. तोवर मी हलणार नाही.