नळाजवळचं स्टूल

आमच्या कॉलेजातल्या घंटाकाकांना नुसत्या पाणी पिण्यावरून कळायचं, कोण जेवलंय आणि कोण नाही. घंटा वाजवणं हे त्यांचं काम. पण मधल्या वेळात ते पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ स्टूल टाकून, डोळे अर्धे मिटून बसत. आम्हाला वाटायचं, म्हातारा पेंगतोय. कसला पेंगतोय! "जेवलेला माणूस ग्लासात पाणी उरवते," ते म्हणायचे, "उपाशी माणूस लगेच दुसरा ग्लास भरते."

काका आता नाहीत. तरी दुपारी जरा डोळा लागला की मला तो नळ ऐकू येतो. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास येतो, कडुनिंबाची सावली हलते आणि स्टुलावर ते बसलेले असतात. मग जाग येऊच नये असं वाटतं.

मी पारशिवनीजवळच्या खेड्यातली. नागपुरात हुडकेश्वरला खोली करून राहायचे. दुसऱ्या वर्षी बाबांचं काम सुटलं आणि मी मेस बंद केली. सकाळी मुरमुरे, दुपारी पाणी. दिवाळीपर्यंत निभलं तर ठीक, नाहीतर कॉलेज सोडून घरी जायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं. एक दिवस मी दुसरा ग्लास भरत असताना काकांनी डोळे उघडले आणि विचारलं, गावच्या राशन कार्डात तुझं नाव आहे का? आहे म्हटलं. मग त्यांनी समजावलं की माझ्या वाट्याचं धान्य इथे महाल भागातल्या राशन दुकानातही मिळतं, मशीनवर अंगठा तेवढा लावायचा. मला हे ठाऊकच नव्हतं. आणि कळलं तेव्हा आनंदाआधी लाज वाटली. कॉलेजची मुलगी राशनच्या रांगेत उभी राहणार?

"लायब्ररीतून आपल्या नावचं पुस्तक आणाले लाजते का वं तू?" काका म्हणाले. "मंग हे आणाले काहून लाजते?"

काकांचं घराणं विणकरांचं. घरातला माग केव्हाच थांबला होता, पण उरलेल्या निळ्या कापडाच्या पिशव्या ते शिवत. त्यात तांदूळ आहे की पुस्तकं, बघणाऱ्याला समजत नसे. पुढे कॉलेजात अशा निळ्या पिशव्या बऱ्याच दिसू लागल्या. आम्ही पिशवीवाले एकमेकांना बघून हसायचो आणि पुढे जायचो.

पहिल्या खेपेला मात्र घोळ झाला. मी अंगठा लावला आणि पडद्यावर आमच्या घरची पाचही नावं आली. दुकानदारानं विचारलं, "सगळ्यांचं?" बरोबर आलेल्या काकांना घंटेसाठी परतायची घाई. ते "हो, हो, देऊन टाक" म्हणाले. अख्खं पोतं पदरात पडलं तरी आम्हा दोघांच्या डोक्यात काही शिरलं नाही. सरकारनं मन मोठं केलं म्हणत काका खुशीत ते पोतं रिक्षात चढवत होते.

चार दिवसांनी आईचा फोन आला. गावातल्या दुकानदारानं तिला परत पाठवलं होतं, या महिन्याचं तुमचं नागपुरात उचललं म्हणून. आई म्हणाली, "तू घेतलं ना? मंग काही नाही. तू जेवली म्हणजे झालं."

मी नळाजवळ येऊन रडले. घरच्यांच्या तोंडचा घास मी पळवला होता. आता शिकायचंच नाही, असं काकांना सांगून मोकळी झाले. रविवारी पोतं खांद्यावर घेऊन ते माझ्याबरोबर एसटीत बसले आणि आमच्या दारात आईपुढे हात जोडून उभे राहिले. "चूक मायी हाय, माय. पोरीले कॉलेजातून काढू नका." आईनं त्याच तांदळाचा भात टाकला. जेवून काका ओसरीवर गाढ झोपले, आणि त्यांच्याकडे बघता बघता माझं घरी परतायचं खूळ गेलं. माझा वाटा निळ्या पिशवीत भरून घेऊन मी त्यांच्याबरोबर नागपूरला आले. दुसऱ्या दिवशी नळावरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं: आपला वाटा मागा, घरच्यांचा घरी राहू द्या.

मी शिकले, नोकरीला लागले. बऱ्याच वर्षांनी महालात त्यांच्या घरी गेले. काकू वारल्या होत्या. काकांनी मला पाणी दिलं, स्वतः एक ग्लास घटाघटा प्यायले आणि लगेच दुसरा भरला. मी जेवलात का विचारलं, तर त्यांनी अंगठा पुढे केला. कॉलेजातली नोकरी रोजंदारीची, पेन्शन कुठून असणार? वर्षानुवर्षं मागावर सूत ओढून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. राशनचं मशीन तो घेईना. नव्या दुकानदारानं दोनदा परत पाठवल्यावर काका पुन्हा गेलेच नव्हते.

मला रागच आला. म्हटलं, "लायब्ररीतलं पुस्तक आणायला लाजता का काका? उठा."

दुकानात दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी डाव्या करंगळीला मशीननं ओळखलं. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "सगळ्यांचं?"

"एकच नाव उरलं गा आता," काका म्हणाले. "मायाच वाटा दे."

घरी येऊन मी भात टाकला. आम्ही दोघं जेवलो. ती आमची शेवटची भेट. हात धुऊन काकांनी ग्लास उचलला, सावकाश प्यायले आणि खाली ठेवला. त्यात अर्धं पाणी उरलं होतं.