कायमचा चाचा

शरीफ शिंपी माझा शाळासोबती, जव्हारचा. टीव्हीवरच्या मालिकांत गेली पंचवीस वर्षं तो चाचाच होत आला. कधी बिर्याणीवाला चाचा, कधी कुलपं दुरुस्त करणारा चाचा, कधी नायिकेला गुंडांपासून वाचवताना पोटात सुरा खाणारा चाचा. डोक्यावर जाळीची टोपी, तोंडात ‘बेटी’, आणि ऊठसूट कपाळाशी हात नेऊन आदाब. आमच्या जव्हारात आदाब कोण करतं हो? इथले मुसलमान सलाम करतात आणि पुढचं सगळं मराठीत बोलतात. शरीफही तसाच. पण मुंबईवाल्यांना हे सांगणार कोण? माझं डोकं फिरायचं. तो म्हणायचा, "जाऊ दे रे. त्यांना तेवढाच चाचा ओळखता येतो."

सुरुवात अशी झाली, की जव्हारच्या राजवाड्यात शूटिंगला एक युनिट आलं होतं. शरीफ शिवणकाम करणारा, म्हणून कपडे उसवून-शिवून द्यायला याला बोलावलं आणि दाढी बघून कॅमेऱ्यापुढेच उभं केलं. तेव्हापासून फोन आला की मशीनवर कापड तसंच टाकून पहाटेची एसटी पकडायची, भिवंडीपर्यंतचे खड्डे खात स्टुडिओ गाठायचा, दिवसभर खुर्चीत बसून राहायचं आणि दोन वाक्यं बोलून परतायचं. पाठ गेली, गिऱ्हाईकं गेली. मनात एकच होतं, की एकदा तरी आपल्यासारखं बोलणारा माणूस करायचा आणि मग थांबायचं.

मागच्या वर्षी ते जमलं. एका मराठी मालिकेत डोंगरातल्या शाळेचे निवृत्त मास्तर. शरीफने दाढी काढली. वाक्यं मला म्हणून दाखवली. मोखाड्याच्या बाजारात ओळखीच्या सगळ्यांना सांगून आला. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं त्याने मला एकट्यालाच सांगितलं. प्रसंग सोपा होता. कलेक्टर झालेला विद्यार्थी दारात येतो, मास्तर हात जोडून त्याला आत बोलावतात. शरीफचा उजवा हात कपाळाकडे गेला. सगळे हसले. पुन्हा शॉट घेतला, पुन्हा हात तिकडेच. मग त्याने हात घट्ट धरून ठेवला, तर वाक्यच विसरला. दिग्दर्शक भला माणूस, रागावला नाही. म्हणाला, "चाचा, असू दे. मास्तरांऐवजी शाळेचे शिपाई चाचा करू. तुम्हाला सोपं जाईल." मेकअपवाल्याने दाढी चिकटवली, टोपी आली आणि शॉट एका झटक्यात ओके झाला. युनिटने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घरी मात्र हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. भाग लागणार त्या संध्याकाळी सगळी गल्ली त्याच्याकडे जमली. त्याची बायको, नूरुन्निसावहिनी, टीव्हीसमोरच बसलेल्या. शाळेच्या दारात चाचा आला, आदाब केला, ‘आओ बेटा’ म्हणाला. लोक चहा संपवून एकेक करून उठले. मला फार वाईट वाटलं, आणि चीडही आली, पण कुणावर चिडायचं तेच कळेना.

वहिनींनी जरा वेळाने विचारलं, "तुम्ही मास्तर होणार होता ना?"

शरीफने टीव्ही बंद केला.

"झालो होतो," तो म्हणाला. "हातच ऐकेना."