अण्णांचा कुत्र्यांच्या शर्यतीचा सिनेमा

आमच्या घरात सिनेमा एकाने पाहायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी पद्धत होती.

पाहणारे म्हणजे अण्णा, माझे वडील. थिएटरातून आले की चहा घेत आणि मग तीन तास घरभर सिनेमा चालू! नायक अण्णाच, खलनायक अण्णाच, नायिकेचं रडणंही अण्णांचंच. (मध्यंतरही करत. आई तेव्हा भाजलेले शेंगदाणे वाटे.)

त्यातला सगळ्यांत गाजलेला म्हणजे कुत्र्यांच्या शर्यतीवरचा एक जुना, काळा-पांढरा, पडापडीचा ब्रिटिश विनोदी सिनेमा. पुण्यात कॅम्पातल्या थिएटरात त्याचा शेवटचा खेळ होता, त्याच दिवशी मला, वय वर्षं दीड, गोवर निघाला. आई माझ्यापाशी थांबली, अण्णा एकटे गेले, आणि परत येऊन त्यांनी तिला अख्खा सिनेमा सांगितला. मग चाळीस वर्षं सांगतच राहिले. नाव दर वेळी वेगळं, पण शेवट पक्का. शर्यतीच्या दिवशी शर्यतीचा ग्रेहाउंड कुत्रा झोपून राहतो. हलायलाच तयार नाही! तेव्हा त्याचा मालक, एक गरीब शिंपी, स्वतः कुत्र्याचं कातडं पांघरून चार पायांवर मैदानात उतरतो, गव्हर्नरसाहेबाच्या टोपीवरून उडी मारतो आणि बक्षीस घेताना गव्हर्नरच्या बायकोचा हात चाटतो! इथे दाराला टेकून ऐकणारी आई पदर तोंडाला लावून हसत हसत खाली बसायची. दर वेळी. चाळीस वर्षं!

दोन वर्षांपूर्वी आई गेली. अण्णांनी तो सिनेमा पुन्हा सांगितला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते तीन महिने आमच्याकडे हॉलंडमध्ये हूफडॉर्पला आले आणि खिडकीशी बसून राहिले. तिथून स्किपोल विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात.

"एक आलं," अण्णा म्हणायचे.

"हो, अण्णा."

"दुसरं आलं."

बास, दिवसभराचं बोलणं एवढंच. ज्या माणसाने एकट्याने युद्धपट वाजवले, तो विमानं मोजत होता! परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. मी ठरवलं, विमानात बसायच्या आत अण्णांच्या तोंडून तो सिनेमा एकदा ऐकायचाच. काही झालं तरी.

आता सरळ मार्ग काय? "अण्णा, सांगा ना," म्हणायचं. पण मी आयटीतला माणूस! मी मूळ फाइल शोधायला निघालो. आमची नऊ वर्षांची ईरा टॅबलेट घेऊन बसली आणि चार मिनिटांत म्हणाली, "बाबा, इज इट धिस वन?"

पडद्यावर एक बारकुडा कुत्रा आणि त्याहून बारकुडा माणूस. अण्णा खिडकी सोडून उठले. "हाच! अरे, हाच तो!"

झालं, माझ्या अंगात आलं. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जाहिरात टाकली: "हूफडॉर्पमध्ये प्रथमच! कातडं पांघरलेला शिंपी! टोपीवरून उडी! येत्या रविवारी दुपारी, बटाटेवड्यांसह!" माझा मित्र देशमुख पार कापेल गावाहून सासू-सासऱ्यांना गाडीत घालून आला. ज्या दिवाणखान्यात डच माणूस सहा पाहुण्यांना घाबरतो, तिथे आम्ही सत्तावीस जण बसलो. शेजारच्या मार्येकेबाई एवढ्या चपला पाहून वाढदिवस समजल्या आणि प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करून गेल्या. (इथे तशी रीत आहे. देशमुखच्या सासूबाईंनी "थँक्यू, थँक्यू" म्हणून ते स्वीकारलंही.)

सिनेमा सुरू झाला. लोक पडत होते, शिड्या कोसळत होत्या, कुत्रा पळत होता. बरा होता. अगदी बरा.

"तो सीन कधी येतो?" देशमुखने विचारलं.

"येईल. वडा घे."

पाऊण तास झाला. "आता का?"

"आता बघच!"

शर्यत आली. कुत्रा उठला, सरळ धावला आणि सरळ जिंकला. दी एंड!

सत्तावीस माणसं गप्प. मराठी माणसं, हातात वडे, आणि गप्प!

"अण्णा," देशमुख म्हणाला, "तो टोपीवाला गव्हर्नर?"

अण्णा पडद्याकडेच पाहत होते. मग हळूच म्हणाले, "तो नव्हताच. इंग्रजी निम्मं कळलं नव्हतं मला. जेवढं पाहिलं तेवढं घरी येऊन सांगितलं, तर ही हसेना. पोराच्या तापाने रडवेली झाली होती. मग मी थोडं वाढवलं." हातातला वडा बशीत ठेवून म्हणाले, "कातडं पांघरलं तेव्हा हसली. पुढच्या वेळी गव्हर्नर आणला."

आणि ते उठून खिडकीशी जाऊन बसले.

चाळीस वर्षांचा खजिना मी स्वतःच्या हाताने बटाटेवड्यांसह बुडवला होता! "कापलाय!" मी ओरडलो. "इंग्रजांनी सीन कापलाय! थांबा, मी दाखवतो!" आणि कोणी काही म्हणायच्या आत मी खुंटीवरचा माझ्या बायकोचा, मृणालचा तपकिरी, केसाळ, हिवाळी कोट ओढून मागच्या अंगणात धावलो.

"अरे, तो माझा कोट आहे!" मृणाल.

"आता कातडं आहे!" मी.

चार पायांवर आलो. भुंकलो. कुंडीवरून उडी मारली. वजन ब्याण्णव किलो, पण उडी, सांगतो, हरणाची! (कुंडी नवीन आणावी लागली.)

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मार्येकेबाईंचा कुत्रा पिम हा खराखुरा ग्रेहाउंड, शर्यतीतून निवृत्त झालेला. बाईंनी दत्तक घेतल्यापासून तीन वर्षं तो सोफ्यावर झोपून होता. पळणं सोडाच, त्याला भराभर चालतानाही कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या पिमने कुंपणापलीकडून एक भलाथोरला तपकिरी ससा उड्या मारताना पाहिला.

कुंपण त्याने कधी ओलांडलं ते मला कळलंच नाही. मी मागचं फाटक उघडून सुटलो. आधी चार पायांवर, मग दोन पायांवर, मग, शपथेवर सांगतो, एकावर! मागून सगळा जमाव, आघाडीला मोबाइल धरलेला देशमुख. समोर छान हिरवीगार हिरवळ दिसली. मी तिच्यावर झेप घेतली.

हॉलंडमधल्या दर दुसऱ्या हिरवळीखाली कालवा असतो! वर शेवाळासारखी बारीक पानं इतकी दाट पसरतात की कोणी त्यावर क्रिकेटची पिच आखावी. मी कमरेपर्यंत आत, कोट छातीभर तरंगतोय, डोक्यावर हिरवा लेप. पिम काठावर कोरडा ठाक थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

मार्येकेबाई धावत आल्या. मला वाटलं, आता पोलीस! पण बाई तर रडत होत्या. "धावला! माझा पिम धावला!" असं डचमध्ये ओरडत त्यांनी पिमला मिठी मारली आणि मग पाण्यात वाकून माझंही अभिनंदन केलं.

आणि त्या सगळ्या गलक्यात मला एक आवाज ऐकू आला. अण्णा हसत होते. काठीवर वाकून, डोळे पुसत, हसत हसत खाली गवतावर बसले होते. अगदी आई बसायची तसे.

"असंच!" ते म्हणाले. "मिलिंद, अगदी असंच व्हायचं ते!"

त्या संध्याकाळी मी टॉवेल गुंडाळून आल्याचा चहा पीत असताना अण्णांनी सत्तावीस जणांना तो सिनेमा पहिल्यापासून सांगितला. शिंपी, कातडं, गव्हर्नर, सगळे आले. देशमुखचे सासरे मध्यंतरात टाळ्या वाजवून उठले. मी मात्र राहून राहून दाराकडे पाहत होतो. तिथे टेकून ऐकणारं एक माणूस कमी होतं. अण्णाही अधूनमधून तिकडेच पाहत होते.

गुरुवारी ते गेले. दर रविवारी फोन येतो. पुण्यात सोसायटीच्या बाकावर आता रोज खेळ लागतो म्हणे, फक्त शिंप्याच्या जागी मी असतो, कालवा दुप्पट रुंद झालाय आणि गेल्या आठवड्यापासून शर्यतीत मी चौथा येतो.

"अण्णा," मी म्हणालो, "मुळात कुत्रा एकच होता. मी चौथा कसा?"

"मुलगा आहेस म्हणून चौथा," अण्णा म्हणाले. "तुझी आई ऐकायला असती, तर तिला हसवायला मी तुला सातवा केला असता."