चार सभासदांपुढची साक्ष

माझा दादा सरकारी वकील होता आणि महाहट्टी होता. घरात कप फुटला तरी आधी दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा. वहिनी म्हणूनच फुटके कप गुपचूप फेकून द्यायची.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा पोलीस कोठडीत मारला गेला. तो खटला दादाकडे होता आणि चांगला उभा राहिला होता. एके सकाळी खुद्द मंत्र्यांचा फोन आला, खटला मागे घ्या. दादाने साफ नकार दिला. लगेच त्याची बदली झाली, त्याच्या जागी आलेल्याने मुकाट सही केली आणि खटला संपला.

पुढे विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, तेव्हा कोर्टाच्या कामात मंत्री ढवळाढवळ करतात का हे तपासायला विधिमंडळाची समिती नेमली गेली. तिने दादाला साक्षीला बोलावलं. ती साक्ष नोंदली गेली, तर खटला पुन्हा उघडायची शिफारस होणार होती. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता. दादाच्या कोटाचं उसवलेलं अस्तर त्यांनीच हट्टाने शिवून दिलं.

दादाला ब्लडप्रेशर, म्हणून सोबत मी. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. लांबलचक टेबल, प्रत्येक जागेपुढे माइक, पाण्याची बाटली, आणि माणसं चार. कामकाजाला निदान पाच सभासद लागतात. पाचवे हजेरीची सही करून, बिस्किटं खाऊन सटकले होते.

अध्यक्षबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बोला हो तुम्ही. त्यांची सही आहे ना? कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," दादा म्हणाला. "उद्या मंत्र्यांचे वकील हीच साक्ष बेकायदा ठरवतील. पाच जण असतील तेव्हा बोलेन."

त्या क्षणी मला त्याचा केवढा अभिमान वाटला! आज त्या अभिमानाचीच चीड येते. पुढची बैठक दोनदा रद्द झाली, मग सभागृहच बरखास्त झालं आणि त्याबरोबर समितीही गेली. निवडणुकीनंतर तेच मंत्री हारतुरे घेत परत आले. नव्या समितीचं कुणी नावही काढलं नाही. कुणाला पडलंय?

बाई घरी आल्या. दादाने त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. फोनवर मंत्री काय म्हणाले, आपण काय म्हणालो, ते शपथेवर सांगावं तसं, शब्दन् शब्द. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती.

मग पदराने चेहरा पुसून बाई म्हणाल्या, "हे मला माहीतच होतं, साहेब. त्या चौघांना सांगायचं होतं."